एक जूनच्या आत

पासपोर्टवर, दहावीच्या सर्टिफिकेटवर, इंजिनिअरिंग कॉलेजच्या कागदांवर आणि ऑकलंडमध्ये काढलेल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर रवींद्र मोहितेची जन्मतारीख एकच आहे: एक जून १९७०. या तारखेत दोष एवढाच की त्या दिवशी तो जन्मला नव्हता.

तासगाव तालुक्यातल्या त्याच्या गावात याचं कुणाला नवल वाटणार नाही. शाळा जूनमध्ये उघडायची आणि पहिलीत घ्यायला मूल सहा वर्षांचं लागायचं. आई पोराला बखोटीला धरून घेऊन यायची. गुरुजी पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं असं ठरायचं आणि रजिस्टरात एक जून पडायचा. त्याच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजही त्या दिवशी सकाळी बावीस जण एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात आणि पोट धरून हसतात.

रवींद्र खरा जन्मला तो त्या वर्षीच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या पहाटे. म्हणजे कागदावर तो आपल्या खऱ्या वयापेक्षा पाच महिन्यांनी मोठा होता. पन्नास वर्षं या पाच महिन्यांनी त्याचं काही बिघडवलं नाही. नोकरीत लागला तेव्हा त्यांचा उपयोगच झाला. पुढे हेच पाच महिने सातासमुद्रापार येऊन त्याच्या दारात बसतील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्याचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. गाडीच्या इंजिनावर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते ऐकायचं, ही विद्या रवींद्रला वडिलांकडून मिळाली. बाकीची सांगलीच्या कॉलेजात. भोसरीत एका कारखान्यात त्याने सव्वीस वर्षं मेंटेनन्स बघितला. करोनानंतर तो कारखाना बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी रवींद्र घरी बसला. पुण्यात या वयाच्या माणसाला मुलाखतीला बोलावतात, चहा देतात आणि मग फोन करत नाहीत.

त्याच दिवसांत न्यूझीलंडमध्ये मशीन दुरुस्त करणारी माणसं मिळत नव्हती. ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या एका कारखान्याने जाहिराती देऊन पाहिल्या, इथला माणूस मिळत नाही असं सरकारला लिहून दाखवलं, आणि रवींद्र मोहितेसाठी व्हिसा मागितला. कंपनीच्या नावाने मिळणारा वर्क व्हिसा, पुढे पाच वर्षांपर्यंत वाढलेला. १७ एप्रिल २०२३ च्या सोमवारी सकाळी तो नारिंगी जाकीट घालून कामावर उभा राहिला. वय कागदावर बावन्न, आणि हाताखालच्या शिकाऊ पोरासारखा पहिला दिवस.

त्या कारखान्यात किवी फळांची खोकी बनतात. मार्चपासून बागांमध्ये तोडणी सुरू झाली की पुठ्ठ्याला लाटा पाडणारं ते लांबलचक मशीन थांबून चालत नाही. पहिल्याच हंगामात ते कण्हायला लागलं. सगळे लॅपटॉप घेऊन आकडे बघत होते. रवींद्रने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, बेअरिंगवर टेकवला, मूठ कानाला लावली आणि चौथ्या रोलरकडे बोट दाखवलं. बेअरिंग उघडलं तर आतल्या गोळ्यांचा चुरा झालेला. तेव्हापासून प्लांट मॅनेजर क्रेग त्याला ‘डॉक्टर’ म्हणतो. इथे कुणी साहेब म्हणत नाही, त्यामुळे हेही त्याला पुष्कळ वाटलं.

रेसिडेन्सीचं, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचं, गणित त्याला देवव्रतने समजावलं होतं. देवव्रत नाशिकचा, विद्यार्थी म्हणून आला, पेट्रोल पंपावर रात्री काढल्या, आणि आता हेन्डरसनमध्ये एका दुकानावरच्या दोन खोल्यांत इमिग्रेशन सल्लागार म्हणून बसतो. परवानाधारक. बोलतो भरपूर, पण कामाचा पक्का.

“काका, सहा पॉइंट्स लागतात,” त्याने कागदावर रेघा ओढून दाखवलं होतं. “तुमच्या डिग्रीचे तीन. इथल्या कामाचं एक वर्ष झालं की एक. तीन वर्षं काम केलं की तीन अधिक तीन सहा. फक्त अर्ज करताना वय पंचावन्नच्या वर नको. तुम्हाला छप्पन्न कधी लागतात?”

“कागदावर एक जून दोन हजार सव्वीसला.”

“आणि तीन वर्षं होतात सोळा एप्रिलला. स्वीट अ‍ॅज! सहा आठवडे हातात आहेत. हीप्स टाइम आहे, काका.” इथल्या बोलीत याचा अर्थ: झकास, ढीगभर वेळ आहे.

‘कागदावर’ हा शब्द देवव्रतने ऐकूनही ऐकला नाही. महाराष्ट्रातल्या माणसाला त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही.

ही रेसिडेन्सी रवींद्रला स्वतःसाठी हवी होती असं म्हणणं खोटं होईल आणि नको होती म्हणणंही खोटं. पण जीव अडकला होता तो ओवीत. मुलगी चौदाव्या वर्षी इथे आली. पहिलं वर्ष ती शाळेतून येऊन खोलीचं दार लावून घ्यायची. मग हळूहळू मैत्रिणी झाल्या, जँडल्स म्हणतात त्या रबरी चपला घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, आइस्क्रीम आणायला जाणं झालं, शाळेच्या कापा हाका गटात ती माओरी गाणी म्हणायला लागली. आता ती तेराव्या इयत्तेत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षात. आईबाप मराठीत विचारतात, ती इंग्रजीत उत्तर देते. रेसिडेन्सी मिळाली तर ती इथल्या विद्यापीठात इथली मुलगी म्हणून जाणार. नाही मिळाली तर परदेशी, आणि दोन वर्षांनी बापाचा व्हिसा संपला की तिघांनाही चंबूगबाळं आवरून परत. मुलीला एकदा मुळासकट उपटून आणलं होतं. दुसऱ्यांदा उपटायची रवींद्रची छाती नव्हती.

असं सगळं सरळ चाललं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये धाकट्या भावाचा, प्रमोदचा, गावाहून फोन आला.

“दादा, आईचं काय खरं नाही. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. येतोस का?”

रवींद्र दुसऱ्या दिवशी क्रेगसमोर उभा राहिला. नाताळच्या सुट्टीत कारखाना तीन आठवडे बंद असतो आणि सगळ्यांची वर्षाची रजा तेव्हाच खर्ची पडते. त्यामुळे शिल्लक काही नव्हती. “बिनपगारी द्या,” तो म्हणाला. “केव्हा परत येईन सांगता येत नाही.” क्रेगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जा. आई एकच असते.”

सांगलीच्या दवाखान्यात शांताबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. हाताच्या काड्या झालेल्या. मुलाला बघून तिने पहिला प्रश्न केला, “कवा जायाचं परत?”

“तू बरी झालीस की.”

“म्हंजी बसलासच हितं,” ती म्हणाली आणि हसली.

तो बसलाच. महिनाभर रोज सकाळी तिला पेज भरवायचा, दुपारी पाय चेपायचा. एवढा सलग वेळ तो आईपाशी लहानपणीही बसला नव्हता. ती जुनं काहीबाही बोलायची. एका दुपारी तिने त्याचा उजवा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

“ह्यो हात लागत नव्हता तुझ्या कानाला,” ती म्हणाली.

“कधी?”

“शाळंत घालाया नेला तवा. मला भांगलायला जायाचं आसायचं, आन् तू हिरीकडं पळायचास. जीव थाऱ्यावर नसायचा माझा. गुरुजी म्हनले, बाई, हात लागत न्हाई, पुढच्या साली आना. मी म्हनलं, पुढच्या सालापातूर पोरगं हिरीत गेलं तर? मग गुरुजींनी टाक उचलला. म्हनले, लागला म्हना. मी म्हनलं, लागला.” तिने दम घेतला. “लई लवकर मोठा केला रं तुला मी.”

होळीच्या आदल्या दिवशी, बारा मार्चला, बुधवारी संध्याकाळी ती गेली. रवींद्र तिच्या उशाशी होता. याचं त्याला आयुष्यभर समाधान राहील, आणि ते कमी नाही.

तेराव्यापर्यंत तो गावातच होता. दहाव्या दिवशी डोक्याचे केस उतरवून नदीवरून आला, तर फोनवर कारखान्यातल्या मेरेचा ईमेल दिसला. मेरे ही तिथे पगार आणि रजा बघणारी माओरी बाई, साठीच्या घरातली, सगळ्यांना ‘डार्लिंग’ म्हणणारी. तिने लिहिलं होतं: आईबद्दल कळलं, फार वाईट वाटलं. घरचं माणूस गेलं की तीन दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. तुझ्या नावावर लावू का?

रवींद्रने तो ईमेल दोनदा वाचला. आईच्या मरणाचा पगार? उतरवलेल्या डोक्यावरून त्याने हात फिरवला आणि त्याला शरमल्यासारखं झालं. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात ती जुनी भीती होतीच, की ज्यांच्या सहीवर आपला व्हिसा उभा आहे त्यांच्याकडे हक्काचंसुद्धा मागू नये. दोन वर्षांत त्याने आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती, आणि त्याचा त्याला अभिमान होता. परदेशी नोकरीवर आलेल्या आपल्या माणसांना हा अभिमान फार असतो. त्याने उत्तर लिहिलं: धन्यवाद, पण नको. सगळी बिनपगारीच धरा.

तीस मार्चला तो परतला आणि एकतिसला कामावर गेला. सात आठवड्यांची बिनपगारी रजा झाली. देवव्रतला सांगावं असं त्याला सुचलंही नाही. आई गेली ही घरची गोष्ट, व्हिसाची नव्हे.

एप्रिल २०२६ च्या शेवटच्या आठवड्यात तो आणि त्याची बायको मृणालिनी कागदांची फाइल घेऊन हेन्डरसनला गेले. मृणालिनी एका पाळणाघरात काम करते. त्या दिवशी ती मुद्दाम रजा काढून आली होती, पर्समध्ये पेढे होते. देवव्रत पगाराच्या पावत्या एकेक करत स्क्रीनवर सरकवत होता. मध्येच त्याचा हात थांबला.

“काका, फेब्रुवारी-मार्च पंचवीसच्या पावत्या कुठायत?”

“त्या नाहीत. आई गेली तेव्हाच्या. बिनपगारी होतो.”

“किती दिवस?”

“सात आठवडे.”

देवव्रतने कॅलेंडर उघडलं. बोटाने दिवस मोजले, पुन्हा मोजले. त्याला दुसऱ्यांदा मोजताना पाहून मृणालिनीने पर्सची चेन बंद केली.

“बिनपगारी दिवस आपण काम म्हणून दाखवू शकत नाही,” तो शेवटी म्हणाला. “मी तरी तशी रिस्क घेणार नाही. म्हणजे एकोणपन्नास दिवस पुढे ढकलायचे. तुमची तीन वर्षं पूर्ण होतात चार जूनला.”

“आणि मी छप्पन्नचा होतो एक जूनला.”

“हो. चार दिवस कमी पडतात, काका.”

खाली रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला. रवींद्रला त्या क्षणी आईची आठवण झाली नाही, ओवीचीही नाही. डोळ्यांपुढे आलं ते गुरुजींचं रजिस्टर, शाईची दौत आणि ठसठशीत अक्षरात लिहिलेला एक जून.

“माझा जन्म दिवाळीतला आहे रे,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे कुणाला तक्रार केल्यासारखं सांगितलं.

देवव्रतने मान हलवली. “माझ्या वडिलांचापण एक जूनच आहे.” मग तो कॅलेंडरकडे बघून कसंनुसं हसला. “आणि त्या दिवशी सोमवार आहे. किंग्ज बर्थडेची सुट्टी.”

आता या देशातली गंमत अशी की राजाचा खरा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. जूनमध्ये साजरा करायचा हा जुना रिवाज आहे. पण राजाला कुणी दाखला मागत नाही आणि पंचावन्नच्या वर गेलास म्हणून घरी जा असंही सांगत नाही.

गाडी पेनरोजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली. मृणालिनी म्हणाली, “त्या तीन दिवसांच्या रजेचं तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत.”

“कोणत्या?”

“मेरेच्या ईमेलच्या. तुम्ही आल्यावर एकदा बोलून गेलात, नको म्हणून कळवलं म्हणून. मी तेव्हाच विचारणार होते, नको का म्हणालात?” तिचा आवाज चढला. “मी इथे ओवीला घेऊन बसले होते. सासूबाईंचं तोंड मला फोनवर बघावं लागलं. आणि तुम्ही मात्र तिथे बसून परस्पर थोर होऊन आलात!”

ती बरोबर बोलत होती.

पुढच्या आठवड्यात दोन वाटा समोर आल्या. पहिली क्रेगने दाखवली. “मी पत्र देतो,” तो म्हणाला. “एप्रिल तेवीसपासून सलग पूर्णवेळ काम करतोय म्हणून. मधल्या सात आठवड्यांचा उल्लेख कशाला? तू खोटं कुठे सांगतोयस, मेट? सांगणार मी.” त्याचा हेतू चांगलाच होता. पत्र लिहायला पाच मिनिटं लागली असती.

दुसरी वाट प्रमोदने शोधली. “दादा, तहसील हापिसात जुनं कोतवाल बुक हाय,” तो फोनवर ओरडून सांगत होता. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी सरकारी वही. “त्यात तुझी खरी नोंद घावली! ऑक्टोबर सत्तर! दाखला काढून पाठवतो, लाव तिथं.”

रवींद्रने देवव्रतला विचारलं. देवव्रत म्हणाला, नोंद खरी असेल, पण पासपोर्ट बदलायला महिने जातील, आणि मधल्या वेळात इथले अधिकारी विचारतील की बाकीचे सगळे कागद इतकी वर्षं खोटे होते का? आणि क्रेगच्या पत्राबद्दल विचाराल तर, टॅक्सच्या नोंदी दोन मिनिटांत बाहेर येतात. एकदा खोटं सापडलं की मग कायमचं दार बंद, ओवीसाठीही.

पण खरं सांगायचं तर रवींद्रने ते पत्र पकडलं जाईल म्हणून नाकारलं नाही. ते सात आठवडे नव्हतेच असं लिहून द्यायचं, हे त्याच्याने होईना. त्याच सात आठवड्यांत त्याने आईला पेज भरवली होती. नोकरीच्या कागदावरून का होईना, आईचा शेवटचा महिना पुसायचा म्हणजे काय? क्रेगला त्याने नम्रपणे नको म्हटलं. क्रेगला कारण कळलं नाही, पण त्याने पुन्हा विचारलं नाही.

मे उजाडला. कारखान्यात हंगाम ऐन भरात होता. रवींद्र मशीनला कान लावायचा आणि काय ऐकलं ते विसरायचा. घरी ओवीला अजून काही सांगितलं नव्हतं. ती जेवताना विद्यापीठाची माहिती फोनवर दाखवायची. “बाबा, look, they’ve got heaps of scholarships,” ती म्हणायची, आणि तो घास गिळत मान डोलवायचा. त्या दिवसांत त्याला आईचा रागही आला. मला लवकर मोठं करायची घाई का केलीस, असं मनात आलं. विहिरीकडे पळणाऱ्या पोराच्या आईने आणखी काय करायला हवं होतं?

मेच्या दुसऱ्या आठवड्यात देवव्रतने रजेच्या नोंदीचा अधिकृत कागद मागितला. तीन वर्षं पूर्ण होत नसली तरी फाइल नीट असावी म्हणून. रवींद्र मेरेच्या टेबलापाशी गेला.

“किया ओरा, डार्लिंग. चेहरा का उतरलाय?” तिने विचारलं.

तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता, पण त्या दिवशी त्याने सगळं सांगितलं. एक जून, गुरुजी, चार दिवस. मेरेने चष्मा चढवला आणि त्याची रजेची नोंद उघडली. मग तिचा जुना ईमेल आणि त्याचं उत्तर. ती बराच वेळ ते उत्तर वाचत राहिली.

“तू नको म्हणालास,” ती म्हणाली. “का?”

“आईच्या मृत्यूचे पैसे घ्यायचे… आमच्यात बरं दिसत नाही.”

मेरेने खुर्ची त्याच्याकडे वळवली. “ऐक. आमच्याकडे माणूस गेलं की त्याला मराएवर, म्हणजे आमच्या कुळाच्या घरात आणतात. तीन दिवस त्याला एकटं सोडत नाहीत. कुणी ना कुणी उशाशी बसलेलं असतं. रडतात, गातात, त्याच्याशी बोलतात. माझी आई गेली तेव्हा मी तीन दिवस तिथून हलले नाही, आणि हीच रजा घेतली. ते पैसे आईचे नसतात रे. तू तिच्यापाशी बसावंस आणि त्या वेळी तुला दुसरी कसली काळजी नसावी, एवढ्यासाठी ती रजा असते. तू बसला होतास ना तिच्यापाशी?”

“होतो.”

“मग ती रजा तू घेतलेलीच आहेस. फक्त नोंदवायची राहिलीय.” तिने कॅलेंडर काढलं. “बुधवारी संध्याकाळी गेली. म्हणजे गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार. मधे शनिवार-रविवार. हक्क आहे तो, लाजलास म्हणून संपत नाही. पण मी वरती विचारून घेते, सगळं रीतसर होऊ दे.”

तिने विचारलं. चार दिवसांनी वरून होकार आला, आणि देवव्रतनेही कायद्याचं कलम वाचून, एका जुन्या सहकाऱ्याला विचारून, सावकाश होकार दिला. तीन दिवस पगारी झाले की त्यांच्यामधला शनिवार-रविवारही बिनपगारी राहत नव्हता. पाच दिवस परत आले. तीन वर्षं आता तीस मेला पूर्ण होत होती. मध्ये एकच दिवस उरत होता, एकतीस मेचा रविवार.

मेरेने फॉर्म दिला तेव्हा तो त्याने लगेच भरला नाही. घडी घालून घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मृणालिनीने तो वाचला, त्याच्यासमोर पेन ठेवलं आणि कुकर लावायला गेली. फॉर्म साधा होता. मृत व्यक्तीचं नाव. तुमचं नातं. मृत्यूची तारीख. रवींद्रने लिहिलं: शांताबाई मोहिते. आई. १२ मार्च २०२५.

लिहून झाल्यावर तो त्या तारखेकडे बघत बसला. आयुष्यभर त्याने शेकडो फॉर्मवर जन्मतारीख लिहिली होती आणि दर वेळी हात किंचित अडखळायचा. या तारखेला हात अडखळला नाही. ती त्याने स्वतः पाहिली होती, उशाशी बसून.

“सासूबाईंनी जाता जाता काम केलं तुमचं,” मृणालिनी ओट्याकडे तोंड करून म्हणाली. तिचा आवाज ओला होता. बऱ्याच दिवसांनी ती नवऱ्यावर रागावलेली नव्हती.

एकतीस मेला रविवारी दुपारी देवव्रत स्वतः लॅपटॉप घेऊन घरी आला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, हीटर लावला होता. जेवणाच्या टेबलाशी सगळे जमले. ओवीला आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. ती आधी चिडली, मग रडली, आणि आता बापाच्या खुर्चीला टेकून उभी होती. देवव्रत एकेक कागद चढवत होता. पासपोर्ट. डिग्री. कंपनीचं पत्र, त्यात क्रेगने आता रजेची प्रत्येक तारीख लिहिली होती. पगाराच्या पावत्या. सगळ्यात शेवटी मेरेचा तो फॉर्म.

“काका, बटण तुम्ही दाबा,” देवव्रत म्हणाला.

रवींद्रने दाबलं. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं, मग एक क्रमांक आला, वेळ आली आणि तारीख: ३१ मे २०२६. निकाल यायला महिने लागणार होते, पण दार बंद व्हायच्या आत पाय आत पडला होता. मृणालिनीने देवापुढे साखर ठेवली. देवव्रत आज ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणाला नाही. त्याने वाकून रवींद्रला नमस्कार केला, चहा घेतला आणि गेला.

रवींद्र टेबलापाशीच बसून होता. थोड्या वेळाने त्याने उजवा हात उचलला, डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला.

“बाबा, what are you doing?” ओवीने विचारलं.

“बघतोय, हात लागतो का.”

“And?”

तो तसाच बसला, कान धरून, पंचावन्न वर्षांचा माणूस शाळेत नाव घालायला आल्यासारखा. “लागला,” तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. आई गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. ओवीला काही कळलं नाही. पण तिने त्याचा तो हात हळूच खाली घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि मराठीत म्हणाली, “बाबा, आजीचं सांगा ना.”